वाटणीची गोळी

थोरलीचे दुखत होते ते सांधे. पण त्या सकाळी औषधांच्या दुकानात रांगेत उभी असताना तिच्या पोटात जे दुखत होते, त्यावर त्या दुकानात काही मिळण्यासारखे नव्हते. तिच्या एक पाऊल पुढे तिची धाकटी जाऊ उभी होती, आणि काउंटरपलीकडच्या औषधवाल्या बाई धाकटीशी बोलत बोलत हसत होत्या.

"यांना सांग, मलम सकाळ-संध्याकाळ चोळायचं," बाई म्हणाल्या. "लावून झालं की साबणाने हात धुवायचे, तसाच हात डोळ्यांना लावायचा नाही. आणि कातडीवर लाल चट्टा उठला तर बंद करून सरळ माझ्याकडे यायचं."

बोलताना बाईंचे डोळे धाकटीवरच होते. गुडघे थोरलीचे, मलम थोरलीचे, चट्टा उठलाच तर थोरलीच्या कातडीवर उठायचा. पण या सगळ्या बोलण्यात बाईंनी थोरलीकडे पाहिले ते एकदाच, तिने जरा बाजूला सरकावे म्हणून.

धाकटी मागे वळून आपल्या भाषेत म्हणाली, "सकाळ-संध्याकाळ लावायचं म्हणतात."

"एवढंच? इतका वेळ बोलत होती ती!"

"एवढंच हो, जाऊबाई."

"आणि हसली कशाला?"

"मी म्हटलं आज रांग फार मोठी आहे. त्यावर हसल्या."

थोरलीचा विश्वास बसला नाही. समोरच्याची भाषा कळत नसली की तो हसला की आपल्यालाच हसला असे वाटते. मग बाईंनी धाकटीपुढे काचेची छोटी पाटी सरकवली. "औषधाची माहिती मिळाली, ती मला समजली" असे त्या पाटीवर लिहिलेले असे, आणि त्याखाली बोटाने सही करायची. थोरलीच्या औषधाची सहीसुद्धा धाकटीनेच केली, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता या दोघी जावांची हकिगत सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गाव लढाईत जळाले. दोघे भाऊ आणि दोघी जावा अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, दोन वर्षे तंबूत काढली, आणि गेल्या वर्षी या परक्या शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडले. गावी असताना घराच्या किल्ल्या थोरलीच्या कमरेला असत. धाकटी सतराव्या वर्षी लग्न होऊन आली ती तिच्याच हाताखाली. भांडी कशी घासायची, कोणापुढे किती बोलायचं, कोणापुढे गप्प बसायचं, हे सगळे थोरलीने तिला शिकवले; आणि शिकवताना जिभेवर साखर ठेवली होती, असे काही म्हणता येणार नाही.

तंबूत तर थोरलीचाच शब्द चाले. जे येईल ते ती वाटे. एक पांघरूण असले तर कोणी कोणत्या बाजूने झोपायचे ते ती ठरवी. साबणाची वडी दोऱ्याने चिरून चार तुकडे करी. औषधांचेही तसेच. छावणीच्या दवाखान्यातून एका तंबूला गोळ्यांची एक पट्टी मिळायची, मग ताप कोणालाही असो. थोरली त्या गोळ्या पट्टीतून काढून एका पत्र्याच्या डबीत ठेवी, कारण खोके आणि कागद बोचक्यात जागा खातात, आणि ज्याला दुखेल त्याला, वेळ पडली तर शेजारच्या तंबूतल्या गावच्या बायकांनाही, आपल्या हाताने देई. "औषध घरात येतं, माणसाला नाही," असे ती म्हणे. त्या दोन वर्षांत चौघेही जगले, ते या वाटणीमुळेच, अशी तिची खात्री होती; आणि ती अगदीच चुकीची होती असे कोण म्हणेल?

पण घर फिरले की घराचे वासेही फिरतात. या शहरात धाकटीला एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीचे काम लागले, आणि आठ महिन्यांत ती इथली भाषा फडाफडा बोलू लागली. तेव्हापासून घराला तोंड राहिले ते एकच. कचेरीतला कागद आला, विजेचा माणूस आला, दाराची घंटा वाजली, की दोघेही भाऊ धाकटीला हाक मारत. थोरली स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राही, आणि ज्या पोरीला आपण बटाटे सोलायला शिकवले, ती घरातल्या पुरुषांना काय करायचे ते सांगते आहे, हे पाहात राही. कोणी तिचा अपमान करत नव्हते. तिला कोणी विचारत नव्हते, एवढेच. आणि तेच तिच्या डोळ्यांत खुपत होते.

आणि धाकटी? तिला देवी करून बसवायचे काही कारण नाही. बारा वर्षे थोरलीच्या बोलण्याखाली काढलेली बाई ती. आता औषधवाल्या बाईंची चार वाक्ये तिच्या तोंडून एक होऊन बाहेर पडत, त्यात थोडा कंटाळा होता, थोडी घाई होती. पण थोडे सुखही होते. "जाऊबाईंना तेवढंच पुरे," असे ती मनात म्हणे. मलमाचा हात डोळ्याला लावून थोरलीने एकदा संध्याकाळभर डोळे चोळले, तेव्हा धाकटीच्या मनात जराशी टोचणी लागली, आणि ती तिने गिळून टाकली.

औषधवाल्या बाईंविषयीही खोटे बोलायला नको. बाई दुष्ट नव्हत्या. अकरा वर्षे त्या काउंटरमागे उभ्या राहून त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या. या वस्तीत आता निम्मी माणसे निर्वासित, आणि बाईंनी त्यांच्यासाठी एक सोपी वाट शोधून काढली होती: घरात ज्याला भाषा येते, त्याच्याशी बोलायचे. दुभाष्याला फोन करायची सोय होती. नंबर औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. पण त्यात वेळ जाई, मागची रांग कुरकुरे आणि मालक कपाळाला आठ्या घालत. भाषा येणारे कोणी नसले, तर बाई सावकाश आणि मोठ्याने बोलत. समोरचा माणूस परका आहे, बहिरा नाही, हे त्यांच्या लक्षात येत नसे, असे नाही.

पुढच्याच महिन्यात थोरलीच्या बोटांचे सांधे इतके सुजले, की इस्पितळातल्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली. धाकटीची त्या दिवशी लाँड्रीत कामाची पाळी होती. इस्पितळात फोनवर दुभाषा मिळाला, आणि त्याने थोरलीला नीट सांगितले: दर सोमवारी एकदाच चार गोळ्या, इतर दिवशी नाही. बाकीची माहिती औषधाच्या दुकानात देतील, असे म्हणून डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला बोलावले.

थोरली चिठ्ठी घेऊन घरी आली. धाकटी संध्याकाळी येणार होती. तिच्याबरोबर उद्या दुकानात जाता आले असते. पण थोरलीला वाटले, मी काय कोणाच्या ओंजळीने पाणी पिणारी आहे? तिने केस विंचरले, बरी ओढणी डोक्यावरून घेतली आणि एकटीच दुकानात गेली.

"आज एकट्याच? तुमची ती कुठे गेली?" बाईंनी विचारले. थोरलीला त्यातले काही कळले नाही, पण "ती" कोण हे बाईंच्या नजरेवरून कळले, आणि तिने मान ताठ केली.

बाईंनी गोळ्यांचा खोका पुढे ठेवला आणि एकेक बोट उघडत मोठ्याने बोलू लागल्या. "आठवड्यातून एकदाच. कळलं?"

थोरलीने मान डोलावली. हे तिला इस्पितळातच कळले होते.

"ही फक्त तुमची. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. कळलं?"

थोरलीने मान डोलावली.

"घरात कोणी बाई गरोदर असेल, तर तिच्या पोटात ही गोळी जाता कामा नये. मूल जाऊ शकतं. कळलं?"

थोरलीने तिसऱ्यांदा मान डोलावली, अगदी तितकीच, तशीच. त्या तिसऱ्या वेळी बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकी भयंकर गोष्ट ऐकून माणूस डोळे तरी मोठे करतो. बाईंनी कपाटाकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले. रांगेत नऊ माणसे होती.

"समजलं ना?"

"हो," थोरली म्हणाली. इथल्या भाषेतले तिला येणारे चार-पाच शब्द होते, त्यातला तो एक.

"वा!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी काचेची पाटी पुढे सरकवली. थोरलीने बोटाने एक वाकडी रेघ ओढली. पहिल्यांदाच तिच्या औषधावर तिचीच सही झाली होती, आणि बाईंचा "वा!" तिने घरापर्यंत मिरवत नेला.

तिला ठाऊक नव्हते ते एवढेच, की घरात एक बाई गरोदर होती. धाकटीला दुसरा महिना लागला होता. लग्नाला बारा वर्षे झाली, त्यातली तीन पळापळीत गेली, आणि आता कुठे देवाने पाहिले होते. हे ठाऊक होते तिला आणि तिच्या नवऱ्याला. थोरलीला मूल नव्हते. "तिसरा महिना होऊन जाऊ दे," धाकटी नवऱ्याला म्हणाली होती. "जाऊबाईंच्या जिवाला लागेल. आणि त्यांची नजर मला आत्ताच नको."

पहिल्या सोमवारी थोरली खोलीतल्या टेबलाशी डबी उघडून बसली होती. खोका आणि आतला बारीक अक्षरांचा कागद तिने नेहमीप्रमाणे केव्हाच फेकून दिला होता. एवढ्यात धाकटी कामावरून आली. दिवसभर जड इस्त्री दाबून तिचे उजवे मनगट सुजले होते. पिशवीसुद्धा तिने डाव्या हाताने खाली ठेवली.

"बघू," थोरली म्हणाली. तिने मनगट हातात घेतले आणि हलकेच दाबले. धाकटीच्या तोंडून चित्कार निघाला.

थोरलीने चार गोळ्यांतल्या दोन उचलून तिच्या तळहातावर ठेवल्या. "घे. सांध्यांच्या आहेत. डॉक्टरांनी दिल्यात."

"खोका कुठेय?"

"तो काय खायचाय?"

"तसं नाही. दुकानातल्या बाई काय म्हणाल्या?"

"सगळं म्हणाल्या. आणि मला सगळं समजलं," थोरली म्हणाली. "तुझ्यावाचून अडत नाही माझं. मी सहीसुद्धा केली."

धाकटीला ते बोलणे झोंबले. तरी तिने हातावरच्या दोन गोळ्यांकडे पाहिले. तंबूतल्या तापात थोरली याच हाताने गोळी भरवायची, आणि स्वतःच्या वाटणीचीही देऊन टाकायची. कितीतरी महिन्यांनी ती आपणहून काही देत होती. आता नाही म्हटले, तर उरलेसुरलेही तुटेल, असे धाकटीला वाटले. तिने पाणी घेतले आणि दोन्ही गोळ्या गिळल्या. उरलेल्या दोन थोरलीने घेतल्या, आणि त्या संध्याकाळी ती किती तरी दिवसांनी गुणगुणत भांडी घासत होती. पुन्हा एकदा या घरात ती देणारी झाली होती. असे तीन सोमवार गेले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सोमवारच्या मध्ये धाकटी औषधांच्या दुकानात गेली होती. गरोदरपणात घ्यायच्या शक्तीच्या गोळ्या तिने मागितल्या, तेव्हा बाईंनी तिचा हात हातात घेतला. "अगं, गोड बातमी! मग आता दुसरं कुठलं औषध घेत नाहीस ना?"

"नाही हो," धाकटी म्हणाली.

ती खोटे बोलली नव्हती. चिठ्ठी लिहून दिलेले, दुकानातून आणलेले, ते औषध. थोरलीने डबीतून काढून हातावर ठेवले, ते औषध घेणे नव्हते. ती घरातली वाटणी होती, पावाच्या तुकड्यासारखी. आणि बाईंनी तरी प्रश्न कसा विचारला? "नाही ना" म्हणूनच विचारला. ज्याला "नाही" ऐकायचे असते, त्याला ते मिळते. दहा-बाराच दिवसांपूर्वी याच घरात आपण कोणती गोळी दिली, हे त्या गोड बातमीच्या भरात बाईंना आठवलेसुद्धा नाही.

तिसऱ्या सोमवारनंतरच्या बुधवारी दुपारी लाँड्रीत उभ्या उभ्या धाकटीच्या पोटात कळ आली. बरोबरच्या बायकांनी तिला इस्पितळात नेले. संध्याकाळपर्यंत सगळे संपले होते. काय काय खाल्ले, काय घेतले, असे डॉक्टरांनी खोदून खोदून विचारले, तेव्हा डबीतल्या गोळ्यांची गोष्ट निघाली. डबी मागवली. डॉक्टरांनी गोळी उजेडात धरून पाहिली. "याच गोळीमुळे गेलं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पहिल्या महिन्यांत असंही होतं. पण ही गोळी गरोदर बाईच्या पोटात जायलाच नको होती."

ही तीन वाक्ये घरी पोचेपर्यंत एकच झाली. थोरलीने गोळी दिली आणि मूल गेले.

"तू दिलीस?" थोरलीच्या नवऱ्याने विचारले.

"दिली."

"तिला दिवस गेलेत हे ठाऊक होतं तुला?"

"नाही."

"दुकानात काही सांगितलं नव्हतं?"

थोरली आता काय बोलणार? सगळं समजलं, असे तिने तीन सोमवार सगळ्यांना ऐकवले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

खालच्या मजल्यावरच्या त्यांच्याच गावच्या बायका समाचाराला आल्या आणि जिन्यातच कुजबुजल्या. "बारा वर्षं जळत होती तिच्यावर." "स्वतःला नाही, तर तिलाही नको." त्यातली एक तर थोरलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "वांझेच्या हातचं खाऊ नये म्हणतात ते उगाच नाही." ज्या बायका तंबूत तिच्या हातून गोळी घेऊन जगल्या होत्या, त्याच या.

थोरलीच्या नवऱ्याने ठरवून टाकले. दुसऱ्या शहरात तिची लांबची मामेबहीण होती. शनिवारी सकाळी थोरलीने तिकडे जायचे, ते परत न येण्यासाठी. धाकट्याने मान खाली घातली. नको म्हणाला नाही. थोरलीनेही विरोध केला नाही. तिने आपले चार कपडे पिशवीत भरले. ती स्वतःचे मन तपासून पाहात होती, आणि त्यात तिला जळफळाट सापडत होता, ढीगभर. धाकटीच्या जिभेचा, धाकटीच्या पगाराचा, बाईंच्या हसण्याचा. इतकी जळणारी बाई निर्दोष कशी असेल, असे तिलाच वाटू लागले होते. त्या दोन गोळ्या देताना आपल्या मनात माया होती, हे ती कोणाला सांगणार, आणि कोणत्या तोंडाने?

इकडे इस्पितळातून औषधांच्या दुकानात फोन आला. मालकांनी लगेच नोंद काढून पाहिली आणि सुस्कारा सोडला. "सही आहे. 'समजलं' म्हणून सही आहे. आपण सुटलो. कोणी विचारलं तर हा कागद दाखवायचा आणि एक अक्षर जास्त बोलायचं नाही."

बाईंनी पडद्यावर ती वाकडी रेघ पाहिली. ती तिसऱ्यांदा डोललेली मान त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि कपाटाचे दार. "मी नाही दाखवणार," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तो कागद खोटा आहे. त्यांना समजलं नव्हतं, आणि ते मला दिसलं होतं."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल," बाई म्हणाल्या. आपण फार शूर आहोत असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

खोलीत चौघेही होते. धाकटी भिंतीकडच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. थोरली दाराजवळ जमिनीवर, भरलेल्या पिशवीपाशी. बाईंनी आधी दुभाष्याचा फोन लावला आणि तो मोठ्याने बोलेल असा टेबलावर ठेवला. पण थोरल्या भावाने हात आडवा करून तो बंद करायला लावला. "परक्या माणसाच्या कानावर आमच्या घरातलं नको," तो म्हणाला, आणि धाकटीकडे वळला. "तूच सांग, ही काय म्हणते ते."

नको तिथे सोय होते ती अशी. ज्या बाईचे मूल गेले, तिच्याच तोंडून घराला सगळे कळायचे होते. बाईंना ते त्याच्या नजरेवरून कळले आणि त्या परत फिरायला निघाल्या. धाकटीनेच त्यांना थांबवले. "बोला. सांगते मी."

बाईंनी या वेळी थोरलीकडे तोंड केले. तिच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि तिच्याकडे पाहूनच बोलल्या. "ही गोळी दुसऱ्या कोणाला देऊ नका, गरोदर बाईच्या पोटात जाऊ देऊ नका, असं मी तुम्हाला सांगितलं. माझ्या भाषेत."

धाकटीने ते जसेच्या तसे सांगितले. थोरल्या भावाने दात आवळले. "म्हणजे सांगितलं होतं! ऐकलंत?"

"पण तुम्हाला त्यातलं काही कळलं नव्हतं," बाई पुढे म्हणाल्या. "कळलं नाही हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसलं होतं. दुभाष्याचा नंबर हाताशी होता. मागे रांग होती, म्हणून मी फोन केला नाही. तुमची सही घेतली आणि मोकळी झाले. चूक माझी आहे."

खोलीत सगळे धाकटीच्या तोंडाकडे पाहू लागले.

हे वाक्य तिच्याच हातात होते. ते तिने गाळले, तर खोलीत कोणालाही कधीच कळले नसते. आजवर किती वाक्ये गाळली होती तिने! भाऊजींचा निवाडा झालेलाच होता, पिशवी भरलेलीच होती. एक वाक्य गिळले, की उद्या सकाळी थोरली घरातून गेली असती. बारा वर्षांचे टोमणे धाकटीला आठवले. आणि मग आपले मूल आठवले, आणि ते ज्या हाताने गेले तो हातही. थोरलीने तिच्याकडे पाहिले आणि नजर खाली घातली. आता ही काय सांगणार, हे जणू तिला ठाऊकच होते.

"बाई म्हणतात," धाकटी बोलू लागली, "जाऊबाईंना काही कळलं नव्हतं. आणि कळलं नाही, हे बाईंना दिसलं होतं." मग तिने पुढचे सांगितले. फोन, रांग, सही, चूक. एकही शब्द तिने टाकला नाही. सांगून झाल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

मग थोरली म्हणाली, "तिला सांग, मी हो म्हटलं ते तुझ्यापायी. तुझी गरज नाही हे दाखवायचं होतं मला. कळलं नाही म्हटलं असतं, तर पुन्हा तुलाच बोलावलं असतं तिने."

धाकटीने ते सांगितले.

"आणि हेही सांग. तुला दिवस गेलेत हे कळलं असतं, तर मी जळले असते. खूप जळले असते. पण गोळी दिली नसती."

धाकटी बाईंकडे वळली आणि थांबली. "हे त्यांना कशाला?" ती थोरलीला म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहात होते. "हे माझं आहे. आणि ऐका, मीही तुम्हाला कधी पुरं सांगितलं नाही. मलम लावून हात धुवा म्हणाल्या होत्या त्या. मी नाही सांगितलं."

थोरलीच्या नवऱ्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मग आता? उद्याचं काय?"

"जाऊबाई कुठे जाणार नाहीत," धाकटी म्हणाली. मग थोरलीकडे पाहून म्हणाली, "माफ केलं असं समजू नका. अजून नाही होत माझ्याच्याने. पण तुम्हाला चोर ठरवून मला माझं दुःख करायचं नाही."

थोरली उठली. पिशवी उचलून तिने आतल्या खोलीत नेऊन ठेवली आणि तिथेच बसून मोठ्याने रडली.

बाईंची नोकरी गेली नाही. मालकांना त्यांच्याइतकी अनुभवी बाई त्या पगारात मिळाली नसती, हे त्याचे खरे कारण. पण बाईंच्या काउंटरवरची रीत बदलली. आता त्या रोग्याशी बोलतात, त्याच्या सोबत्याशी नव्हे. दुभाष्याचा फोन टेबलावर उघडा असतो. "समजलं का?" हा प्रश्न त्यांनी टाकूनच दिला आहे. त्या म्हणतात, "घरी जाऊन ही गोळी तुम्ही कशी घ्याल आणि घरात आणखी कोण घेईल, ते मला तुमच्या शब्दांत सांगा." पहिल्या वेळी थोरलीला घाम फुटला. दुसऱ्या वेळी तिने सगळे बरोबर सांगितले, आणि सहीच्या आधी बाईंनाच एक प्रश्न विचारला.

त्या दिवशी तिच्या मागे इथलाच एक गृहस्थ उभा होता. चांगला कोट घातलेला, हातात घड्याळ. तो इतका वेळ चुळबुळत होता, शेवटी त्याच्याने राहवले नाही.

"एवढा वेळ यांना?" तो म्हणाला. "आम्ही जन्मापासून इथले. आमच्याशी कधी इतकं बोलला नाहीत तुम्ही. सगळी माया परक्यांवरच!"

"तुमचीही पाळी येतेय," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याची चिठ्ठी घेतली. हृदयाची गोळी, गेली सहा वर्षे तो दरमहा नेत होता. बाईंनी खोका पुढे ठेवला, पण वरचा हात काढला नाही.

"ही कशासाठी आहे, आणि एक दिवस चुकली तर काय करायचं? तुमच्या शब्दांत सांगा बघू."

गृहस्थाने तोंड उघडले. खोक्याकडे पाहिले, बाईंकडे पाहिले, मग मागच्या रांगेकडे पाहिले. रांगेतली सगळी माणसे, इथली आणि तिथली, उत्तर ऐकायला थांबली होती.